करपलेल्या धन्यांचा शोध

शालन घुगऱ्यांचं नाक दिवाळीच्या तापात गेलं. म्हणजे चेहऱ्यावर होतं तिथंच होतं, चांगलं ठसठशीत, खड्याची चमकी मिरवणारं. पण आतलं गेलं. ताप उतरला, अंगातली कणकण गेली, तोंडाला चव काही आली नाही. तिनं कापूर हुंगला, लसूण ठेचून हुंगली, शेवटी गोठ्यात जाऊन शेणाच्या पाटीवर वाकली. काही नाही. नुसती पांढरी हवा. गोठ्यातून बाहेर येताना तिनं ठरवलं, हे कुणालाही सांगायचं नाही.

सांगून चालण्यासारखंही नव्हतं. गडहिंग्लजात घुगऱ्यांचा डंक होता. डंक म्हणजे चटणी कांडायचं यंत्र, लोखंडी उखळं आणि त्यांत धपाधप पडणारी मुसळं. शिमग्याच्या आगेमागे तालुक्यातल्या बायका संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची उन्हात वाळवून, धने-तीळ-खोबरं घेऊन वर्षाची चटणी करायला तिथं रांग लावायच्या. मसाला भाजायचा शालननं आणि कांडायचाही तिच्याच देखरेखीखाली. डंक काय, इतर गावांतही होते. इथलं वेगळेपण एकच. कांडप उतरायच्या आधी शालन मूठभर चटणी तळहातावर घ्यायची, डोळे मिटायची, हुंगायची आणि निकाल द्यायची. "उतरा" म्हणाली की चटणी डब्यात. "थांबा" म्हणाली की डबा रिकामा. गावात ठरलेली लग्नं पुढं ढकलली गेली होती, पण शालननं थांबवलेली चटणी कुणी उचलून नेली असं कधी झालं नव्हतं.

आणि जिभेचं म्हणाल तर ती मिरचीपेक्षा वरची. "खोबरं कुठलं गं हे, देवळातलं परत विकत घेतलंस काय?" असं ती भर रांगेत विचारायची. बायका रागवायच्या, पुढच्या वर्षी पुन्हा यायच्या. नाक खरं असलं की जीभ माफ असते.

म्हणून शालनला भीती होती ती एकाच गोष्टीची. नाक गेल्याचं कळलं, की डंकापुढच्या त्या लाकडी पाटावरून आपल्याला हलकेच उठवतील. "आक्का, तुम्ही बसा आता निवांत" म्हणतील. निवांत बसायला ती काय मेली होती?

तिला तारून नेलं ते एका चकतीनं.

माणसाच्या नाकात अगदी वरच्या बाजूला, नखाएवढ्या जागेत चारेकशे प्रकारची बारीक कुलपं असतात. कुठलाही वास आला की त्यातली काही उघडतात, बाकीची मिटलेली राहतात. कुठली उघडली आणि किती, यावरून मेंदू ओळखतो की ही लवंग, हा घाम, हा पहिल्या चहाचा वाफारा. शास्त्रज्ञांनी तसलीच कुलपं प्रयोगशाळेत वाढवून एका चकतीवर बसवली. चकती वासाचे आकडे करू लागली. आणि एकदा वासाचे आकडे झाले, की शब्दांसारखेच ते साठवता येतात आणि शोधताही येतात. सुरुवातीला गॅसगळती कळावी म्हणून घरोघर चकत्या लागल्या. हळूहळू त्या पुढं स्वयंपाकघरात, दुकानात, मोरीपाशी, गोबरगॅसच्या खड्ड्यापाशी, सगळीकडं झाल्या, आणि जगातले वास एका मोठ्या कोठारात जमा होत गेले. फोनला सांगायचं, तो कोठारात जाऊन शोधून आणायचा. घुगऱ्यांची दरवर्षीची चटणीही तिथं साठवलेली होती. तिच्यावर शिक्का असायचा, "निकाल : शालन". पुण्यातली, दुबईतली गडहिंग्लजची माणसं तेवढाच शिक्का शोधून तसली चटणी कुठं मिळते ते बघायची.

शोधायची रीत शालनला तिच्या सुनेनं शिकवली होती, दोन वर्षांपूर्वी, एका मुसळापायी.

ऋतुजा कोल्हापूर शहरातली. लग्न होऊन आली तेव्हापासून शालन तिला म्हणायची, "शहराच्या पाण्यानं तुझं नाक बुजलंय." संकेत, म्हणजे शालनचा मुलगा, बेळगावला कारखान्यात कामाला, यायचा रविवारी. आठवडाभर घरात सासू आणि सून, आणि मधे धपाधप चालणारा डंक. एकदा एका मुसळाचा तळ झिजला. शालननं फोनला सांगितलं, डंकाच्या मुसळाचा तळ पाहिजे. फोननं हळदीला लागणारी, गोंडे बांधलेली नक्षीची मुसळं दाखवली.

"मी मुसळ मागतेय आणि हा लग्न लावतोय," शालन म्हणाली. "ह्याला कुणी शहाणा म्हटलं गं?"

ऋतुजा हसून हसून भिंतीला टेकली. "आत्या, तो तुम्ही म्हणता ते शोधत नाही. तुम्हाला काय आवडेल ते शोधतो. त्याला आवरायला लागतंय."

मग तिनं आवरायचं कसं ते सांगितलं. हवे ते शब्द अवतरणात घातले, की फोन त्यात पदरचं काही मिसळत नाही, नेमकं तेवढंच शोधतो. नको असेल ते "उणे" लावून बाहेर काढायचं. कुठल्या जागेत शोधायचं ते बांधून द्यायचं. कधीच्या आधीचं, कधीच्या नंतरचं ते सांगायचं. चौथी शिकलेल्या शालनला ही भाषा नवी होती, पण रीत काही नवी नव्हती. तिनं तिला आपली नावं ठेवली. अवतरण म्हणजे मूठ. उणे म्हणजे खडा, धान्यातून निवडून टाकायचा. जागा म्हणजे उंबरा. फोन तिची नावं शिकला, आणि "मूठ, डंकाच्या मुसळाचा तळ, मूठ बंद, खडा लग्न, खडा हळद" म्हटल्यावर इचलकरंजीच्या एका कारागिराचा पत्ता हातात आला.

"आणखी दोन आहेत," ऋतुजा म्हणाली. "'आणि', 'किंवा'. 'आणि' म्हटलं की दोन्ही एका ठिकाणी पाहिजेत. 'किंवा' म्हटलं की दोघांतलं एक असलं तरी भागतं."

"मग ह्या डंकावर 'किंवा'च बरं," शालन म्हणाली. "मी असताना तू कशाला?"

ऋतुजानं तेही हसण्यावारी नेलं. ती सासूचं बोलणं चहाच्या गाळणीतून घ्यायची. गाळ मागं ठेवायची.

तर यंदाच्या हंगामात शालननं एक चकती फोनला जोडली आणि फोन पदराआड लपवला. चटणी तळहातावर घ्यायची, डोळे मिटायचे, हात पदराजवळ न्यायचा. कानात घातलेलं बारीक यंत्र सांगायचं, गेल्या वर्षीच्या अमक्या घरच्या चटणीशी जुळते किंवा जुळत नाही. त्यावरून शालन निकाल ठोकायची. निम्मं तोंडाच्या जोरावर, निम्मं बाईच्या चेहऱ्याकडं बघून. चाललं.

पण चकतीला उत्तर आणायला दोन श्वास लागत, आणि धने करपायला एक पुरतो. भाजणीला ती कामाची नव्हती. शालन आयुष्यभर नाकावर भाजत आली होती. सासूनं तिला कढईकडं बघायचं नाही म्हणूनच शिकवलं होतं, रंगानं माणूस फसतं. आता डोळ्यांवर भाजायचं तर हातच चुकायचा.

त्यात ऋतुजाला दिवस गेलेले. पाचवा लागला होता. डंक सुरू झाला की तिला मळमळायचं. दिवसभर ती आलेपाकाची वडी गालात धरून असायची आणि दर थोड्या वेळानं घमेलं घेऊन परसात पळायची.

"उलटीला घमेलं लागतंय व्हय गं?" शालन ओरडायची.

"राख आहे, आत्या. टाकायला."

"जड उचलू नको म्हणून सांगितलंय ना? आणि तोंड धू. आमच्या वेळेला आम्ही मिरची कांडत बाळंत व्हायचो."

"तुम्ही दवाखान्यात झालाय. संकेतनं सांगितलंय."

"त्याला काय माहीत? तो तेव्हा नुकताच आला होता."

दुपारी डंक थंड करायला बंद ठेवत. असल्याच एका दुपारी शालन आतल्या खोलीत फोन घेऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "नाकाला वास येत नाही."

"वाढत्या वयात असं होणं स्वाभाविक आहे," फोन मधाळ आवाजात म्हणाला. "काळजी करू नका. सुगंधी तेलं दाखवू का?"

"तेल तुझ्या टाळूला घाल," शालन म्हणाली. मग बाह्या सावरल्यागत बसली. "मूठ. तापानंतर वास गेला. मूठ बंद. खडा वय. खडा सर्दी. खडा तेल. उंबरा, दवाखान्यांची पानं. दोन वर्षांच्या मागचं नको."

एवढा पसारा चाळून खाली मोजकंच उरलं, आणि त्यात बेळगावच्या एका दवाखान्याचं पान होतं. फोननं ते वाचून दाखवलं. तापात मेलेल्या वासाच्या पेशी आता परत उगवून आणता येत होत्या. त्याच माणसाच्या पेशी घेऊन, वाढवून, थेंबांनी नाकात सोडायच्या. त्यांचे नवे धागे मेंदूकडं जायचे. अडचण पुढं होती. हे धागे गावात नव्यानं आलेल्या पोस्टमनसारखे. लिंबाचं पत्र रॉकेलच्या घरात टाकायचे, मोगऱ्याचं गटारीत. त्यांना वाट दाखवायला काही महिने रोज दोन वेळा कुणीतरी समोर बसायला लागायचं. जिनसा नाकाखाली धरायच्या आणि वास कसा आहे ते बोलून सांगायचं. यंत्रानं सांगून बघितलं होतं, जमलं नव्हतं. यंत्र आकडा सांगतं. धाग्यांना वाट सापडते ती ओळखीच्या माणसाच्या बोलण्यानं, त्याच घरात, त्याच वासांत राहणाऱ्या. दवाखान्यानं त्याला नाव दिलं होतं, सोबतीचं नाक.

शालननं फोन पालथा घातला. घरात दुसरं नाक एकच होतं. जिला इतकी वर्षं बुजलेलं नाक म्हटलं, तिच्यापुढं जाऊन नाक मागायचं? त्यापेक्षा पांढरी हवा बरी.

आणि मग शिंत्र्यांची भाजणी आली.

शैला शिंत्रे म्हणजे रांगेतली पहिली. तिचा मोठा गोतावळा, दहा किलोची चटणी. सकाळी बाहेरच्या चुलीवर धने कढईत पडले, शालन परतत होती, आणि कुणीतरी कसलीतरी चौकशी केली म्हणून तिनं मान वळवली. परत बघते तर कढईच्या तळाला काळं. धूर नव्हता. असला तरी तिला कुठला कळायला? तिनं घाईघाईनं धने परातीत उपसले आणि तेवढ्यात दिवे गेले, डंक थांबला, बायका उठल्या, जेवणं आली. जेवून परत आली तर दिवे आले होते, डंक चालू होता आणि शिंत्र्यांचा मसाला उखळात पडूनही गेला होता.

शालन उखळापाशी धावली. करपलेला धना दहा किलोला कडू करतो. चकतीला विचारावं तर उत्तर काय येणार ते ठाऊक होतं, म्हणून विचारलंच नाही. डोळे मिटून म्हणाली, "उतरा." आयुष्यात पहिल्यांदा तिनं ठाऊक असून खोटा निकाल दिला होता.

आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. तसं ते एरवीही लागत नव्हतं, पण आता गिळवेना. दाराशी रिक्षा थांबली की वाटायचं, शैला आली डबे परत घेऊन. शेवटी आली. हातात एक डबा होताच.

"आक्का," शैला म्हणाली, "माझी नणंद चटणी खाऊन म्हणाली, वयनी, यंदा कुठल्या देवीला नवस बोललीस? ह्यात थोडी आमटी आणलीय. बघा खाऊन."

शालन म्हणाली, "ठेव तिथं." ती गेल्यावर तिनं आमटीचा एक घोट घेतला. तिला काही कळलं नाही, पण दुसरं एक कळलं. शैला खोटं बोलणारी नव्हती. सासूच्या तेराव्याला सासूच्या तोंडाळपणावर बोललेली बाई ती. मग करपलेले धने गेले कुठं?

त्या दुपारी शालननं पुन्हा दार लावलं.

"मूठ, करपलेला धना, मूठ बंद. उंबरा, आपला डंक. दिवाळीच्या नंतरचं."

"काही सापडलं नाही," फोन म्हणाला.

"नीट बघ."

"डंकाच्या खोलीत या काळात करपलेल्या धन्याचा वास नोंदलेला नाही."

शालन विचारात पडली. चुलीवर, कढईत काळं तिनं स्वतः बघितलं होतं; ते पुढं गेलं कुठं? "मूठ सोड, करपलेलं काहीही. उंबरा मोठा कर. सगळं घर. खडा चूल."

यावेळी फोन क्षणभर थांबला. "गोबरगॅसचा खड्डा. त्याच दिवशी दुपारी. त्याच्या आधी गेल्या महिन्यात करपलेलं खोबरं. त्याच्या आधी करपलेले तीळ. पुन्हा धने. आणखी आहेत. सगळे खड्ड्यापाशी."

शालननं फोन मांडीवर ठेवला. म्हणजे ती एकदा चुकली नव्हती. पोतंभर चुकली होती आणि तिला पत्ता नव्हता. प्रत्येक वेळी कुणीतरी परातीतलं उचलून खड्ड्यात टाकलं होतं आणि तिच्या माघारी नवं भाजलं होतं. चोर नव्हे, उलटा चोर.

चकतीला वास कळतो, माणूस कळत नाही. पण शालनला एक आठवलं. तिनं फोन तोंडाजवळ धरला.

"मूठ," ती म्हणाली, "करपलेला धना, किंवा तीळ, किंवा खोबरं. मूठ बंद. आणि," ती थांबली, "आणि आलेपाक. एकाच वेळी, एकाच ठिकाणी."

"सगळेच्या सगळे," फोन म्हणाला.

परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली ऋतुजा उलट्या घमेल्यावर बसली होती, गालात वडी धरून. सासूला येताना बघून उठायला लागली.

"बस," शालन म्हणाली आणि स्वतः समोरच्या कट्ट्यावर टेकली. पायाशी आलेल्या कोंबड्या तिनं हाकलल्या. मग म्हणाली, "शिंत्र्यांच्या धन्यांचं काय केलंस?"

ऋतुजानं वडी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "खड्ड्यात गेले."

"आणि उखळात काय पडलं?"

"घरचे धने. तुम्ही जेवत होता तेव्हा भाजले."

"कवापासनं ठाऊक हाय तुला?"

"संक्रांतीपासून. तीळ कोळसा झाले होते आणि तुम्ही म्हणालात, काय खमंग वास सुटलाय बघ."

शालन रागावली. तिला तेवढंच येत होतं. "मग बोलली का न्हाईस? तोंडाला कुलूप होतं?"

"तुम्ही बोलला नाहीत," ऋतुजा म्हणाली. "नाक तुमचं. गेलं तर गेलं असं आधी तुम्ही म्हणायचं. मी कोण म्हणणार?"

"आणि मी रोज तुला बुजक्या नाकाची म्हणत होते."

"दिवसातनं दोनदा."

"राग न्हाई आला?"

"आला की. एकदा आलेपाकात मिरची घालून तुम्हाला द्यावी असं वाटलं."

"दिली असतीस तरी काय कळणार होतं मला," शालन म्हणाली, आणि आधी ती हसली की आधी सून हसली हे कोंबड्यांनाही सांगता आलं नसतं. हसता हसता शालननं पदर डोळ्यांना लावला आणि मिरची गेली म्हणून डंकाला शिव्या दिल्या. डंक बंद होता.

"तुझं नाक असं कवा झालं?" तिनं विचारलं.

"दिवस राहिल्यापासून. पलीकडच्या घरात फोडणीला हिंग जास्त पडला तर इथं कळतंय."

"म्हणजे ते तुझं न्हाईच. माझ्या नातवाचं हाय."

"नातीचं."

"नातीचं असू दे. नाक चांगलं असल्याशी मतलब." शालननं जमिनीवरची एक काडी उचलून मोडली. "बेळगावला एक दवाखाना हाय म्हणे. नाक परत उगवून देतात. पण समोर बसायला कुणीतरी लागतंय. रोज." ती काडीचे आणखी तुकडे करत राहिली. "मला मागायची सवय न्हाई."

"मागू नका," ऋतुजा म्हणाली. "सोमवारी जाऊया. मला तिथला कुंदा खायचाच होता."

थेंब घालून आणल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ दोघी परसात समोरासमोर बसू लागल्या. मधे वाट्या. लिंबू, लवंग, कापूर, कॉफी. शालन हुंगायची आणि पांढरी हवा घेऊन बसायची. समोरून ऋतुजा सांगायची.

"लवंग आहे ही."

"कशी हाय?"

"लवंगेसारखी."

"एवढं तर चकतीपण सांगती. कशी हाय ते सांग."

ऋतुजानं डोळे मिटले. "दातांच्या डॉक्टरकडं जातो ना, दार उघडल्यावर... तशी. आणि मागनं जरा लाकडासारखी. नवं कपाट उघडल्यावर येते तशी."

शालन सुनेच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत राहिली. हुंगताना भुवया अशाच वर जायच्या, तिच्या स्वतःच्या. शिकवलं कधी नव्हतं. पोरगी बघून बघून शिकली होती.

कित्येक आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी कापराच्या वाटीवरून शालननं तोंड झटकन मागं घेतलं. "शी. घाण येतीय. भिजलेल्या पोत्याची."

"कापूर आहे, आत्या."

"असू दे. लई घाण हाय," शालन म्हणाली, आणि वाटी परत ओढून घेऊन पुन्हा पुन्हा हुंगू लागली, देवाचं तीर्थ असल्यागत. ऋतुजा तोंडावर हात ठेवून रडत होती. पत्र चुकीच्या घरात पडलं होतं, पण पडलं होतं. पोस्टमन गावात आला होता.

त्यानंतर चुका सुरू झाल्या. लिंबाला रॉकेल, कॉफीला जळकं रबर. ऋतुजा प्रत्येकाला न कंटाळता सांगायची, हे नव्हे, हे असं. रबराची कॉफी व्हायला लागली तोवर हंगाम संपत आला होता.

शेवटच्या आठवड्यात शैला शिंत्रे पुन्हा आली, माहेरच्यांची चटणी घेऊन. रांग बाहेरपर्यंत होती. मुसळं थांबली, शालननं मूठभर चटणी तळहातावर घेतली. पदराआड चकती तशीच होती. हात तिकडं नेला असता तर निकाल सहज निघाला असता. तिनं डोळे मिटले नाहीत. मान वळवून हाक मारली, "ऋतुजा. ये हिकडं."

ऋतुजा पोट सावरत आली. शालननं तिच्या नाकाखाली तळहात धरला. "सांग."

सगळ्या बायका बघत होत्या. ऋतुजानं एकदा सासूकडं बघितलं, डोळे मिटले आणि हुंगलं. भुवया वर गेल्या. "थांबा," ती म्हणाली. "खोबरं खवट आहे."

शैलाचा चेहरा लाल झाला. "हे बघा आक्का, मी तीन तास रांगेत थांबलीय ते तुमच्या नाकासाठी. पोरीसोरींच्या न्हाई. तुम्ही हुंगा."

शालननं चटणी हळूच परातीत झाडली.

"माझं नाक दिवाळीला गेलंय, शैला," ती म्हणाली. "तुझ्या नणंदेनं जिच्यापायी नवस विचारला, ती चटणी हिनं भाजलीय. मी भाजलेली खड्ड्यात गेली. ह्या हंगामात तुम्ही सगळ्यांनी जे नेलं ते हिच्या नाकानं नेलं." मग पाटावर जरा सरसावून बसली. "आणि पोरीसोरीचं म्हणू नको. हे माझंच नाक हाय. फक्त तिच्या तोंडावर बसवलंय, माझ्या तोंडात आधीच गर्दी हाय म्हणून."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. शैलानं परातीतली चिमूट उचलली, स्वतः हुंगली, बराच वेळ हुंगली. "खोबरं भावजयीनं दिलंय," ती अखेर म्हणाली. "मला वाटलंच होतं."

"भावजयीला आण पुढच्या वेळी," शालन म्हणाली. "रांगेत उभी कर. चल, कोण हाय मागं?"

मागची बाई पुढं सरकली आणि डबा ऋतुजापुढं धरला. पाटावरून कुणी कुणाला उठवलं नाही. शालननंच जरा बाजूला सरकून अर्धा पाट मोकळा केला. पोट घेऊन बसायला तेवढा पुरला नाही, म्हणून आणखी सरकली.

हंगामाचा शेवटचा घाणा उतरला त्या संध्याकाळी यंदाची चटणी कोठारात साठवायची होती. दोघी कट्ट्यावर बसल्या. ऋतुजानं चकती चटणीवर धरली आणि फोन बघण्यासाठी सासूच्या खांद्यावरून पुढं वाकली. तेव्हा शालनच्या नाकाला आलं लागलं. आलं, गूळ, आणि मागं दुधाचा किंचित आंबूस वास. पोत्याचा नव्हे, रॉकेलचा नव्हे. आलेपाकाचा, जसा असतो तसा. ती श्वास धरून बसली, उगाच सोडला आणि निघून गेला तर.

"आत्या, निकालात नाव कुणाचं घालू?" ऋतुजा म्हणत होती. "हा विचारतोय. 'शालन किंवा ऋतुजा' चालेल का म्हणतोय."

शालननं श्वास सोडला. वास तिथंच होता.

"'किंवा' खोड," ती म्हणाली. "'आणि' घाल. दोन्ही एका ठिकाणी पाहिजेत."

ऋतुजानं वर बघितलं.

"बघतीस काय? घाल. आणि माझं नाव आधी. आणि ती वडी बदल आता, आलं जुनं हाय त्यातलं."